ग्रुप फोटोत नसलेले

स्मरणिकेसाठी जुने फोटो पाठवा, असा निरोप आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि दोन दिवसांत सगळ्यांनी मिळून एकच फोटो अकरा वेळा पाठवला. कुणी फ्रेममधून काढून, कुणी भिंतीवरच टांगलेला असताना, काचेत आपल्याच मोबाईलची सावली पडलेला. फेब्रुवारी १९८७. आठवीचा वर्ग, शाळेसमोरचं लिंबाचं झाड, पुढच्या रांगेत मांडी घालून मुली, मध्ये खुर्च्यांवर गुरुजन, मागे बाकांवर उभी राहिलेली मुलं. दहावीच्या निरोप समारंभाचाही फोटो काढला होता, पण तो रोल नगरच्या एका स्टुडिओत धुवायला दिला आणि तिथेच खराब झाला. त्यामुळे आपल्या बॅचचा पुरावा म्हणावा तर हा एकच.

हा फोटो काढला चित्रकलेच्या सरांनी. सरांचं नाव लिहायची गरज नाही, ते कोण हे तुम्हाला सांगावं लागत नाही. त्यांच्याकडे आग्फा कंपनीचा क्लिक थ्री होता, काळा, चौकोनी, गळ्यात अडकवायचा. एका रोलवर १२ फोटो निघत, म्हणून सर बटण दाबण्याआधी इतका वेळ घेत की पुढच्या रांगेतल्या आमच्या पायांना मुंग्या येत. या कॅमेऱ्याची भिंग साधी असे. मधली माणसं स्वच्छ येत आणि कडेची जरा पुसट. आपल्या फोटोतही डावीकडच्या तिघांची ओळख अजून पटलेली नाही, त्यावरून ग्रुपवर भांडणं चालू आहेत.

मी इतिहास शिकवते. समोर कागद आला की त्यात काय आहे यापेक्षा काय नाही हे आधी बघायची खोड लागली आहे. म्हणून मी डोकी मोजली. फोटोत विद्यार्थी ३९. वर्गात आपण पन्नासच्या वर होतो. उरलेले कुठे होते? त्या दिवशी आजारी तर नव्हते. ते कारखान्यावर होते. दिवाळी झाली की आपल्या पाथर्डी तालुक्यातल्या गावांतून, वाड्यावस्त्यांवरून आणि तांड्यांवरून ट्रक भरून टोळ्या निघत. मुकादमाची उचल घेतलेली असे, ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. आई-बाप गेले की पोरंही गेली. ती परत यायची ती पाडव्याच्या आगेमागे. फोटो निघाला फेब्रुवारीत.

हे मला त्या वेळी कळत होतं का? दिसत होतं, एवढंच म्हणते. बाकावर जागा ऐसपैस होते याचा आनंद व्हायचा, हे कबूल करायला हवं.

संयोजकांनी मला विषय दिला होता ‘आपल्या काळातली करमणूक’. त्यावर लिहायला बसले आणि हा फोटो मध्ये आला. गेल्या पंधरा वर्षांत मला ज्या शॉर्ट फिल्म, जे फोटो, जी गाणी सापडली आणि आतून हलवून गेली, ती सगळी या फोटोत नसलेल्यांची निघाली. कुठल्या मोठ्या कंपनीने ती आपल्यापर्यंत आणली नव्हती. त्यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या नगर जिल्ह्यात किंवा त्याच्या कुंपणाला लागून घडल्या आहेत. त्यांचा मला समजलेला इतिहास इथे मांडते.

सुरुवात मढीपासून करावी लागेल, कारण आपलं चित्र बघणं तिथेच सुरू झालं. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत कानिफनाथांची यात्रा. तिसगावातून मढीला आपण पायी जायचो, रेवड्या खात परत यायचो. गाढवांचा बाजार तिथला, राज्याबाहेरूनही व्यापारी यायचे. मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात ते उगीच नाही. वैदू, गोपाळ, बेलदार, कैकाडी, घिसाडी, कोल्हाटी अशा कितीतरी समाजांची माणसं वर्षातून एकदा तिथे भेटत, सोयरिकी जमवत, पंचायती भरवत. आपल्याला त्यातलं डफ आणि हलगी ऐकू यायची, बाकी काही कळत नव्हतं. आणि गडाखालच्या मोकळ्या रानात असायचा तंबू टॉकीज.

ट्रकमधून उतरलेला तंबू, मागे धडधडणारा जनरेटर, मध्ये कनातीचा आडपडदा; एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बाप्ये. आम्ही मुली आयांच्या मांडीला मांडी लावून मातीत बसायचो. रीळ बदलताना दिवे लागत, तेव्हा शिट्ट्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूमागे जाऊन पोरं फिल्मचे तुटके तुकडे आणि प्रोजेक्टरमधल्या जळक्या कार्बनच्या कांड्या वेचायची. आमच्या वर्गातला एक मुलगा तिकीट कधीच काढायचा नाही. तो कनातीखालून शिरायचा आणि पकडला गेला की पडद्याच्या मागच्या बाजूला जाऊन बसायचा. तिथून सगळा सिनेमा दिसतो, फक्त अक्षरं उलटी येतात आणि डाव्या हाताने मारामारी होते. हाच मुलगा त्या ग्रुप फोटोत नाही. ऊस संपवून तो यात्रेच्या सुमाराला परत यायचा, म्हणजे शाळेत दिसायच्या आधी मढीला दिसायचा. त्याचं नाव मी लिहीत नाही. तो मेळाव्याला येतो आहे, सांगायचं असेल तर तोच सांगेल.

तंबूत बसून सिनेमा बघण्याची ही परंपरा आपण समजतो त्याहून जुनी आहे, आणि तिचा आरंभ मराठी माणसाच्या घरात झाला हे मला फार उशिरा कळलं. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ नावाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं, त्यामागे दिवा, समोर पडदा. रामायण-महाभारतातल्या कथा, जोडीला निवेदन आणि गाणी. चित्रं भराभर बदलून हालचालीचा भास निर्माण करायचे. मुलांना हाताशी धरून पटवर्धन हे खेळ घेऊन गावोगाव फिरले. ल्युमिएर बंधूंचा चलत्‌चित्रांचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला तो ७ जुलै १८९६ रोजी, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. तो खेळ ज्यांना लागट झाला त्यांच्यात हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते. लोक त्यांना सावेदादा म्हणत. पेशाने फोटोग्राफर. त्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसाने काढलेली ही पहिली फिल्म मानतात. विषय बघा, कुस्ती! आपल्याकडचा हंगामा जसा असतो तसाच.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) शाळेत सगळ्यांनी पाठ केला. त्याआधी त्यांनी काय केलं हे आपल्या पुस्तकात नव्हतं. पैसे लावायला कुणी तयार होईना, तेव्हा त्यांनी वाटाण्याचं बी रुजवलं, कॅमेरा समोर लावला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत रोपाची वाढ टिपली. काही दिवसांची वाढ मिनिटाभरात दिसू लागली. ती बघून भांडवल मिळालं, आणि उरलेल्यासाठी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. मला विचाराल तर आपल्याकडची पहिली स्वतंत्र शॉर्ट फिल्म हीच, वाटाण्याची. तिच्यात ना राजा ना राणी, पण ती नसती तर पुढचं काही झालं नसतं.

तंबू टॉकीज आता जवळपास संपले. त्यांच्या अखेरच्या वर्षांत शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया हे दोघे महाराष्ट्रातल्या जत्रांमधून त्यांच्यामागे बरीच वर्षं फिरले. त्यातून झालेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथल्या माहितीपटांच्या पुरस्कारात त्याचा विशेष उल्लेख झाला. त्यात गंजलेले ट्रक आहेत, अडून बसलेले प्रोजेक्टर आहेत, ते दुरुस्त करणारा एक भन्नाट कारागीर आहे. पण माझ्या मनात घर केलं ते त्याआधीच्या फोटोंनी. मधेशियांनी तंबूत पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांचे फोटो काढले. त्या फोटोमालिकेला २०११ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला. अंधारात पडद्याचा निळसर उजेड चेहऱ्यांवर पडलेला, कुणाचा पदर दातांत, कुणाचं तोंड उघडं, कुणी मूल खांद्यावर टाकून बसलेलं. मी ते फोटो पाहिले आणि आपल्या मढीतल्या बायका ओळखू येतात का ते शोधत राहिले. इतकी वर्षं आपण पडद्याकडे बघत होतो, आपल्याकडे कुणी बघेल असं वाटलंच नव्हतं.

शॉर्ट फिल्म हा शब्द आपल्या शाळेच्या दिवसांत नव्हता, पण वस्तू होती. माहिती खात्याची गाडी यायची, देवळाच्या भिंतीवर पांढरं कापड ताणलं जायचं आणि विहिरीची, कुटुंबनियोजनाची, पिकावरच्या रोगाची डॉक्युमेंटरी दाखवायचे. थिएटरात मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनची फिल्म लागायची. १९४८ साली सुरू झालेल्या त्या संस्थेने चांगलंही काम खूप केलं, पण आम्हाला ती वेळ बाहेर भेळ खायला मिळायची.

एक मात्र अपवाद. गावात पहिले दोन-तीन टीव्ही आले तेव्हा दूरदर्शनवर एक छोटं चित्रपट-गाणं लागायचं. चिमण्या जाळ्यात सापडतात आणि सगळ्या मिळून जाळंच घेऊन उडतात. ‘एक अनेक और एकता’. हिंदी आपल्याला यथातथाच, तरी ते पाठ होतं. १९७४ साली ते केलं विजया मुळे यांनी, शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. ॲनिमेशन भीमसेन यांचं. संगीत वसंत देसाईंचं. हे वाचलं तेव्हा मी हसले, कारण आपण रोज सकाळी परिपाठाला ‘दो आँखें बारह हाथ’मधली जी प्रार्थना म्हणायचो तिची चालही त्यांचीच. म्हणजे त्या चार-पाच वर्षांत आपल्या कानांवर रोज एकाच मराठी संगीतकाराचं राज्य होतं आणि आपल्याला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. गाणाऱ्यांमध्ये लहानगी साधना सरगम होती, हे तर आणखी पुढे कळलं.

हे सगळं आवडत होतं, तरी त्यात आपलं गाव नव्हतं. आपली बोली बोलणारा माणूस पडद्यावर आला तर तो हसवायला यायचा किंवा पाटील असायचा. शेजारच्या अमरापूरचं नाव आडनावात घेऊन नगरमध्ये वाढलेले सदाशिव अमरापूरकर मोठे झाले तेव्हा आपल्याला केवढा अभिमान वाटला! पण तेही हिंदीतले खलनायक म्हणून. गावाच्या वेशीबाहेरच्या माणसाची गोष्ट, त्याच्याच बाजूने, त्याच्याच भाषेत, अशी मी पहिल्यांदा पाहिली ती २०११ मध्ये.

नगरला एका छोट्या कार्यक्रमात ‘पिस्तुल्या’ दाखवली. पंधरा मिनिटांच्या आसपासची फिल्म. नुकताच तिला ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये दिग्दर्शकाच्या पहिल्या लघुपटाचा पुरस्कार जाहीर झाला होता, म्हणून लोक जमले होते. दिग्दर्शक नागराज मंजुळे. करमाळ्याच्या जेऊरचे, कविता लिहिणारे, दहावीला आपण नापास झालो होतो हे मोकळेपणाने सांगणारे. नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात ते संज्ञापन अभ्यास शिकत होते आणि ही फिल्म त्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेली. आपल्यापैकी निम्म्यांनी त्या कॉलेजात प्रवेश घेतला आहे किंवा निदान त्याच्या कट्ट्यावर चहा प्यायला आहे. तिथल्या एका विद्यार्थ्याचा गृहपाठ देशात पहिला आला, असं मी घरी सांगितलं.

गोष्ट साधी. पारधी समाजातला एक लहान मुलगा आहे. त्याला शाळेत जायचं आहे. घरचं दारिद्र्य त्याला चोरीकडे ढकलतं. पिस्तुल्याचं काम सूरज पवार नावाच्या मुलाने केलं आहे, पुढे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’मध्येही तो दिसला. अभिनय म्हणावा असं त्यात काही नाही, तो मुलगा नुसता बघतो. शाळेकडे बघतो. आणि मला त्या अंधाऱ्या हॉलमध्ये आपला तो फोटो आठवला. आतल्या बाजूने आपण शाळा पाहिली, बाहेरच्या बाजूने ती कशी दिसते हे मला चाळिशीजवळ आल्यावर एका पंधरा मिनिटांच्या फिल्मने दाखवलं. माझ्यासमोर तेव्हा वीस वर्षं शिकवून झालेले एक शिक्षक बसले होते. दिवे लागल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि कुणाशी न बोलता निघून गेले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ‘फँड्री’ फेब्रुवारी २०१४ मध्ये थिएटरांत आला. त्यातलं गाव अकोळनेर, आपल्या नगर तालुक्यातलं. कैकाडी घरातला जब्या, डुकरं धरण्याचं काम, वर्गातली मुलगी. जब्या झालेला सोमनाथ अवघडे हा केम गावचा हलगी वाजवणारा पोरगा, त्याने आधी कधी कॅमेरा पाहिला नव्हता. मढीच्या यात्रेत ज्या समाजांना आपण गर्दी म्हणून बघत होतो त्यांतल्याच एका घरात हा सिनेमा शिरतो आणि बाहेर येत नाही. शेवटी तो दगड येतो, थेट आपल्या अंगावर. ‘सैराट’ने पुढे जे केलं त्याबद्दल इथे लिहीत नाही, त्याला स्मरणिका पुरणार नाही. शिवाय माझं मन ‘फँड्री’तच अडकलं आहे.

‘ख्वाडा’ मात्र सांगायलाच हवा, कारण त्याची बातमी आपल्याकडे पुरेशी पोचली नाही असं मला वाटतं. भाऊराव कऱ्हाडे, आपल्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरातले. त्यांनी हा सिनेमा करायला जमीन विकली. सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनंतर शंभर वर्षांनी गोष्ट पुन्हा तिथेच आली. मेंढरं घेऊन गावोगाव फिरणारं धनगर कुटुंब, लग्नाचं वय झालेला, एका जागी स्थिर व्हावं असं वाटणारा धाकटा मुलगा, आणि वाटेत येणारा ख्वाडा, म्हणजे अडथळा. २०१५ मध्ये तो प्रदर्शित झाला. ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार त्याला मिळाला, आणि जागेवर ध्वनिमुद्रण केल्याबद्दल महावीर सब्बनवाल यांनाही पुरस्कार मिळाला. हा दुसरा पुरस्कार माझ्या मते जास्त बोलका. नंतर स्टुडिओत बसून आवाज भरण्याऐवजी त्यांनी माळावरचाच आवाज धरला. मेंढरांचं बेंबाटणं, कुत्री, वारा, लांबून येणारी हाळी. डोळे मिटून ऐकलं तर करंजी घाटाच्या अलीकडे उभं असल्यासारखं वाटतं.

शिक्षकांना, विशेषतः मराठीच्या बाईंना, मी ‘पावसाचा निबंध’ बघायला सांगेन. मंजुळ्यांचीच २०१७ची शॉर्ट फिल्म, दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली. शाळेत पावसावर निबंध लिहायला सांगितला आहे. घरी छप्पर गळतं आहे, बाप पिऊन वाटेत पडला आहे, आई त्याला आणायला धडपडते आहे, आणि पोराला पावसाचं सौंदर्य वर्णन करायचं आहे. आपण सगळ्यांनी तो निबंध लिहिला. मला दहापैकी आठ मिळाले होते. ज्यांचं घर गळत होतं त्यांना किती मिळाले, हे कुणालाच आठवत नाही.

गाण्यांबद्दल लिहायला मला जड जातं, पण संयोजकांना शब्द दिला आहे.

माझी आई जात्यावर ओव्या म्हणायची. पहाटे अंथरुणातून घरघर आणि तिचा आवाज एकदमच ऐकू यायचा. मग गावात गिरण्या वाढल्या, घराघरांतून दळण डब्यात भरून गिरणीत जाऊ लागलं आणि जातं कोपऱ्यात उभं राहिलं. १९९० च्या आसपास आमच्याकडे टेपरेकॉर्डर आला. कोऱ्या कॅसेटवर आम्ही रेडिओवरची सिनेमाची गाणी टेप केली, कंटाळा आला की त्याच कॅसेटवर दुसरी. एकदा गंमत म्हणून आईला म्हटलं, तू ओवी म्हण, टेप करू. ती हसली. म्हणाली, “जात्याबिगर ओवी येत नाही गं, हात फिरल्याबिगर तोंड उघडत नाही.” आम्ही जातं मांडलं नाही. आई २०१२ मध्ये गेली. तिचा आवाज आमच्याकडे कुठेही नाही.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ हे दोघे मात्र जातं मांडायला सांगत होते. १९८०च्या दशकापासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या बायकांकडून ओव्या गोळा केल्या. संख्या एक लाखाच्या वर गेली. गी मूळचे फ्रान्सचे, पण आपल्या मावळातल्या बाईची ओवी तिच्या उच्चारासकट उतरवून घेणारे. बर्नार बेल यांनी १९९०च्या दशकात यातल्या हजारो ओव्यांचं ध्वनिमुद्रण केलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये ‘पारी’ हे ग्रामीण भारताचं संग्रहालय इंटरनेटवर सुरू केलं. तिथे २०१७ पासून या ओव्या आवाज, चित्रफीत आणि लिखित शब्द अशा तिन्ही रूपांत येऊ लागल्या. मराठीतही सगळं आहे, आणि फुकट.

मी पहिल्यांदा ऐकलं ते ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांना. परभणी जिल्ह्यातलं गाव, मुद्रण १९९६चं. सीतेच्या वनवासाच्या ओव्या. आवाज गोड नाही, खरवडून काढल्यासारखा आहे. घरच्यांनी टाकलेली ती बाई देवळाच्या आसऱ्याने राहत होती. सीतेचं दुःख ती जसं म्हणते तसं मी कुठल्याच मैफलीत ऐकलेलं नाही. तिला ना कंपनी, ना वाद्यवृंद, ना मानधन. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून ऐकत होते, दूध उतू गेलं तरी हलले नाही. बाईचा आवाज आईसारखा मुळीच नव्हता. तरी आमच्या घरातलं जातं फिरतं आहे असं वाटलं. आता माझ्या वर्गातली मुलं कानात वायर घालून अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरचं वऱ्हाडी रॅप ऐकतात. मी त्यांना गंगूबाई ऐकवते. दोन्हींत फरक फार नाही, असं त्यांच्यातल्याच एकाने मला सांगितलं. मला ते अजून पूर्ण पटलेलं नाही, पण मी विचार करते आहे.

त्याच ‘पारी’वर साईनाथांनी स्वतः काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन कायमचं मांडलेलं आहे. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून टिपलेल्या, काम करणाऱ्या बायका. त्याच्या नावाचा अर्थ असा की काम दिसतं, बाई दिसत नाही. वीटभट्टी, भातलावणी, सरपणाचे भारे, शेणगोठा. पूर्वी हे फोटो गॅलरीऐवजी बसस्थानकं, कारखान्यांचे दरवाजे, बाजारपेठा अशा ठिकाणी लावत, म्हणजे ज्यांचे फोटो आहेत त्यांनाच बघता यावेत. मला ही कल्पना फार आवडली. त्यांतले काही बघताना लक्षात येतं की बायका वाकलेल्या आहेत, चेहरा नाहीच, नुसती पाठ. आपल्याकडे मोळी उचलून ट्रकवर चढणाऱ्या बाईचा चेहरा तुम्ही कधी नीट पाहिला आहे? नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हिशोबात माणसं दोन, कोयता एक.

स्मरणिकेसाठी पडद्यामागे बसणाऱ्या त्या मुलाचा नंबर मी शोधून काढला. फोन लागला तेव्हा तो पश्चिम महाराष्ट्रात एका कारखान्याच्या तळावर, खोपीत होता. नववीत शाळा सुटली, आता तोच टोळी घेऊन जातो. आधी मला “मॅडम, मॅडम” करत होता. कनातीचा विषय काढला तेव्हा “अगं, तुला कसं म्हाईत?” म्हणाला. मी विचारलं, ‘फँड्री’ पाहिलास का? पाहिला होता, मोबाईलवर, रात्री खोपीत पाच-सहा जणांनी मिळून. म्हणाला, “शेवटी त्यो दगुड हाय ना, आमच्यातल्या एकानं टाळी वाजवली. मला तर वाटलं मीच मारला.”

मला तो दगड लागला होता. हे मी त्याला फोनवर सांगितलं नाही.

मग त्याला तो ग्रुप फोटो पाठवला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. डावीकडच्या तीन पुसट चेहऱ्यांपैकी दोघांची नावं त्याने बरोबर सांगितली, आपल्यातल्या कुणालाच जी आठवत नव्हती ती. फोटोत स्वतः नसताना. तिसऱ्याचं नाव तो आईला विचारून कळवणार आहे.

मेळावा आधी जानेवारीत ठरत होता. त्याला तारीख कळवली तर म्हणाला, “कारखान्याचा पट्टा पडल्याबिगर मला येता यायचं न्हाई.” ग्रुपवर हे मी तसंच टाकलं आणि सरांनाही फोन केला. सरांनी तारीख मे महिन्यात ढकलायला सांगितली. फोटो लिंबाखाली, सकाळी नऊ वाजता. क्लिक थ्री सर घेऊन येणार आहेत, पण त्याचा रोल कुठे मिळतो हे कुणाला माहीत असेल तर मला कळवा.